डाव्या कुशीवरची दुपार

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय भोपळ्या,

चाळिशी उलटली तुझी, तरी माझ्यासाठी तू भोपळ्याच. तक्रार असेल तर येऊन कर. इकडे सगळं ठीक. आईचे पाय गेले ते गेलेच, पण जीभ शाबूत आहे. परवा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कुठं दुखतं?" तर म्हणाली, "कुठं दुखत नाही ते विचारा, लवकर आटपेल." दर दोन तासांनी मी तिची कूस बदलते, पाठीला पावडर लावते, गुडघ्यांमध्ये उशी ठेवते आणि वहीत वेळ टिपते.

वही म्हटल्यावर तुझा चेहरा पडला असेल.

मार्चमधलं भांडण मी विसरलेले नाही रे. त्या दुपारी आई कण्हत "नको हलवू" म्हणाली आणि तू तिला चार तास उजव्या कुशीवरच राहू दिलंस. दुसऱ्या दिवशी मला तिच्या खुब्यावर जखम दिसली. मी केवढा तमाशा केला! "सव्वीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, तुझ्या असल्या दयेनं माणसं सडतात," असं आईच्या देखत बोलले. तू चपला घातल्यास आणि निघून गेलास.

आता पुढचं लिहायला तीन कागद फाडले. जखम डाव्या खुब्यावर होती, भोपळ्या. डाव्या कुशीवर तिला मी ठेवलं होतं, तू आलास त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराला. रात्रपाळी करून आले होते. खुर्चीत टेकले, डोळा लागला, तो थेट पाचला उघडला. वहीत मात्र दोन आणि चारच्या वेळा ठोकून दिल्या. जखम बघताक्षणी मला सगळं कळलं होतं, तरी तुझ्यावर ढकललं.

काल अंग पुसताना आईला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? मी जागीच होते. खुबा ठणकत होता. हाक मारणार होते, पण तू लहानपणीसारखी तोंड उघडं टाकून झोपली होतीस. म्हटलं, झोपू दे पोरीला."

पाच तास! एवढी वर्षं मी नर्स, आणि त्या दुपारी तिनं मला सांभाळलं. मी बादलीपाशी बसून ढसाढसा रडले. "मग त्याला बोलले तेव्हा गप्प का बसलीस?" म्हटलं. "तू कोलमडली असतीस. वाटलं, तो सोसेल. चुकलंच माझं." आणि लगेच, "रडणं झालं असेल तर पाठ पूस, गार पडतेय."

जखम भरलीय, डाग उरलाय. मला माफ कर. रविवारी ये. दोनची कूस तू बदल. दुखलं तरी हलवायचंच, पण हळू, तिच्याशी बोलत बोलत, मी दाखवीन. वहीतल्या त्या खोट्या वेळांवर रेघ मारून खाली खरं लिहिलंय. तेही वाच.

आई विचारतेय, सगळं लिहिलंस का. हो म्हटलं.

त्या दुपारी झोपलेली,
तुझी ताई