आबांसमोर लेक मांडीवर

दादा, तुमाला लिहायचं मी लय दिवस टाळत आलो. तुमी गेलात तेव्हा मी दुसरीत होतो. मग शाळा अर्धीच राहिली आणि फिरायची सवय लागली. हैदराबादेत ट्रकवर क्लीनर, पुण्यात गोदामात, मधे सुरत. आज लिहितोय, कारण गंगाखेडला सासुरवाडीच्या ओट्यावर बसलोय, लेक मांडीवर आहे, आणि बायको आत भाकरी थापायलीय. माझ्याशी धड बोललेली नाही.

तुमची नात अडीच वर्षांची झाली. अजून एक शब्द बोलत नाही. बोट दाखवते, हाताला धरून ओढते, बा-बा-बा करते. परभणीला कान तपासले, कान चांगले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात तिच्याशी भरपूर बोला, दिवाळीनंतर परत आणा, तोवर शब्द फुटले नाहीत तर पुढचं बघू. त्या पुढच्याची धास्ती बसली. मी मोबाईलवर शोधत शोधत लांबच्या एका थंड देशातल्या पानावर पोचलो, लहान लेकरांचा अभ्यास करणाऱ्या माणसांच्या. मोबाईल त्याचं मोडकंतोडकं मराठी करून देतो. मधेच तिथले लोक दारातला बर्फ कसा उपसतात तेच बघत बसलो, बायकोनं हटकलं तेव्हा परत आलो. सांगतात ते एवढंच, की लेकरानं आवाज केला की आपण उत्तर द्यायचं, मग गप बसून त्याची पाळी येऊ द्यायची. एका व्हिडिओत बाप पोरीला आंघोळ घालतोय आणि बोलतच राहतो, आता पाय धुतो, आता हात. मागं खुर्चीत त्याचा म्हातारा बाप पेपर वाचत बसलाय. पोरीपेक्षा मी त्या म्हाताऱ्याकडंच बघत राहिलो. तो मान वर करून काही बोलेल असं वाटत होतं. बोलला नाही.

बायको म्हणाली, "आपल्यात हिच्याशी बोलतं कोण? मी दिवसभर रानात, सासूबाईंना ऐकू येत न्हाई, आन् तुमी आबांसमोर मुके."

मोठ्यांसमोर बापानं स्वतःचं लेकरू घ्यायचं नसतं, हे तुमाला काय सांगायचं. भावाचं घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं, आपलं नाही. तुमचे वडील, आपले आबा, अजून ठणठणीत आहेत, दिवसभर अंगणात बाजेवर असतात. गेल्या आठवड्यात ते पारावर गेलेले बघून मी लेकीला मांडीवर घेतलं. ती बा-बा म्हणाली, मी म्हणालो, "बा-बा, काय पायजे माज्या बाईला?" आणि थांबलो. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, ओठ हलवत होती. तेवढ्यात दारात आबांचं खाकरणं. माझ्या हातांनी मला न विचारताच तिला खाली ठेवलं, ठेवलं कसलं, टाकलंच. ती भोकाड पसरून रडली. आबा म्हणाले, "काय रं, बाईचा जल्म घेतलास व्हय?" आणि मी हसलो. बायको घागर घेऊन उभी होती. दुपारच्या एसटीनं ती लेकीला घेऊन इकडं आली. जाताना म्हणाली, "आबांसमोर हिला घ्यायची हिंमत झाली तर न्यायला या. न्हाई तर येऊच नका."

तेव्हापासून तुमीच आठवताय. झरीच्या बाजाराचा दिवस. गावातून मी बैलगाडीच्या मागं चालतोय, तुमी पुढं, माझ्याकडं बघतही नाही. एकदा मी धोतराला धरलं तर सगळ्यांसमोर "हट" म्हणून झिडकारलंत. ओढा ओलांडला की गाडी थांबते, तुमी मला उचलून मांडीवर घेता, कासरा माझ्या हातात देता आणि बोलायला लागता. ही तूर, हा कापूस, हे अमक्याचं रान, तो भांडखोर आहे. मी काहीबाही विचारतो, तुमी प्रत्येकाला जवाब देता. परत येताना ओढ्यापाशी मला उतरवता आणि पुन्हा मुके. मला तेव्हा वाटायचं, गावात आल्यावर मी काहीतरी चुकतो. त्या परक्या लोकांनी अभ्यास करून सांगितलेलं तुमी करतच होता, दादा. पण चोरून. माझ्या लेकीला तेवढा आडोसाही मी दिला नाही.

आज सकाळी इथं आलो. बायकोनं लेक मांडीवर आणून ठेवली. म्हणाली, "बोला आता. हितं कोण आडवं येतंय?" मी शेळी दाखवतोय, बादली दाखवतोय. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायल्यात. लेक माझे ओठ बोटांनी चाचपते. शब्द नाही अजून.

आत्ता गल्लीच्या तोंडाला जीप थांबली आणि आबा उतरले. नातसुनेच्या माहेरी ते लग्नानंतर कधी आले नाहीत. भांडायला आलेत का न्यायला, कळत नाही. माझ्या सासूबाई आत ओरडल्यात, "अगं, पाहुणे आले, पाणी आण." बायको दारात येऊन उभी राहिलीय, हाताला पीठ तसंच. आबा नळापाशी थांबून माझ्याकडं बघायलेत.

हे तुमाला पोचणार नाही म्हणून सांगतो, दादा. उठावं आणि लेक खाली ठेवावी असंच वाटायलंय. ठेवली न्हाई अजून.