तिच्या हातावरचं दही

बुधवार, संध्याकाळी साडेसात

मुलगा, सून आणि नात आज इटलीतल्या कॅप्री बेटावर पायी फिरताहेत. सोबत आमची मंडळी, तिचा तो डावा गुडघा घेऊन. विमानाला भितो म्हणून मी इथे बेंगळुरूत एकटा.

तिकडे आता चार वाजले असतील. गुडघा वाटेत अडला तर? परतीची बोट चुकली तर?

पण खरी रुखरुख दह्याची. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही तीच घालते. परवाही सगळ्यांना घातलं, वाटी धुऊन पालथी ठेवली आणि निघाली. तिच्या हातावर कोणी घातलं? घरात राहणारा मीच होतो. मी काय करत होतो, तर पासपोर्ट तिसऱ्यांदा मोजत होतो.

आताच फोन आला. नात म्हणाली, “अज्जा, अज्जी माझ्यापुढे चालत होती. मीच दमले.”

मग ही. “बोटीत बसलो. जेवलात का?”

“गुडघा?”

“आहे जागेवर.”

शेवटी दह्याचं विचारलंच. ती हसली. “अहो, माझं मीच घालून घेतलं. दर वेळी तसंच करते की.”

सरी, ठीक आहे. बोट मिळाली, ती काळजी मिटली.

दर वेळी, म्हणजे माहेरी जायची तेव्हाही. मी दारातच असायचो, ऑटो थांबवून, उशीर होतोय म्हणत.