पेरूच्या फोडी

आई,

तुझी दाढ गेली ती जागा मला अजून आठवते. खालची, डावीकडची. माझीही तिथलीच गेली. तुझ्यासारखीच माझ्याही हृदयाची झडप बदलली, आणि रक्त पातळ ठेवायची तुझीच ती गोळी आता रोज संध्याकाळी माझ्या तळहातावर असते.

तू ओट्याशी उभी आहेस, गाल सुजलेला. दाताचे डॉक्टर म्हणतात, गोळी थांबवा, मग काढू. हृदयाचे म्हणतात, गोळीला हात लावायचा नाही. दोघांच्या मध्ये तू, दाढेत लवंग दाबून. शेवटी ती आपणहून हलून पडली आणि तू त्या बाजूने चावणंच सोडलंस. पेरू तुझा एवढा आवडता, पण मी बिया काढून पातळ फोडी करून दिल्या तरच खायचीस. हसताना पदर तोंडावर. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हाला खिदळू नका म्हणून दटावायच्या आणि घरी तू म्हणायचीस, "हस गं खळखळून, दात आहेत तोवर." तेव्हा तुझे सगळे होते.

शांती नगरातली माझी दाताची डॉक्टर गुजराती आहे, माझ्या लेकीच्या वयाची. "आंटी, गोळी बंद नाही करायची हां. रक्ताचा रिपोर्ट बरोबर आला की इम्प्लांट करू." म्हणजे हाडात स्क्रू, त्यावर पुढे दात. मी मान डोलावली, पण रक्त थांबलंच नाही तर, ही धास्ती काही जाईना. मग तुझी आठवण झाली. पालेभाजीने गोळीचा जोर उतरतो म्हणून तू ती पानात घेईनाशी झाली होतीस. मी उलटा विचार केला. गोळी सोडायची नाही ना, मग पाला खाऊ! मेथी, माठ, शेवग्याचा पाला, रोज. खारी गावातून येणारी भाजीवाली म्हणाली, "काकी, बकरी पालली हाय काय?"

रिपोर्ट आला तर रक्त नको तितकं घट्ट. डॉक्टरने रोखून विचारलं, "खरं सांगा, गोळी सोडली ना?"

"नाही गं. भाजी खाल्ली."

आधी ती हसली, मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाली, "रक्त मी टाके घालून, औषधाचा बोळा दाबून थांबवीन, आंटी. झडपेवर गाठ धरली तर मी काय करू?" आणि माझ्यासमोरच तिने माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं बोलत होते आणि मला रडू येत होतं. तुझ्या वेळी कुणी असा एक फोन केला असता तर!

पाला पुन्हा पूर्वीइतकाच ठेवला. रिपोर्ट ठीक झाल्यावर तिने स्क्रू बसवला. रक्त आलं, बोळा घट्ट चावून बसले तसं थांबलंही. तेवढ्या वेळात माझा हात तोंडाशी न्यायला पदर शोधत होता, आणि मी तर पंजाबी ड्रेसमध्ये होते.

काही महिन्यांनी, म्हणजे आज सकाळी, वर दात बसला. "आता बिनधास्त खा," ती म्हणाली. येताना पेरू घेतला. घरी आल्यावर सुरी घेतली, बिया काढल्या, पातळ फोडी केल्या, वर मीठ भुरभुरलं. ताटली तुझ्या फोटोपुढे ठेवली आहे. हे पत्र तिच्याखाली सरकवीन, आणखी कुठे पाठवणार? नव्या दाताने पेरू चावायची मला भीती वाटत नाही, आई. मला फक्त तुझ्यासाठी फोडी करायच्या होत्या.