लाल गाडी, डावा हात आणि माझी जीभ

२ नोव्हेंबर, रविवार

स. ६ ला ग्रुप निघाला. चौदा सुपरबाइका, आणि मोहीम काय, तर कात्रज ओलांडून मिसळ खाणे. ताशी दोनशेची यंत्रं घेऊन ताशी पस्तीसने जायचं, सिग्नलला रेस करून रिक्षावाल्यांना दचकवायचं, आणि पोचल्यावर तर्रीच्या रंगावरून भांडायचं. याहून कमी मूर्खपणावर साम्राज्यं बुडालेली आहेत. मी या टोळीत का? बावन्नाव्या वर्षी माझ्याकडेही लाल गाडी आहे आणि तिच्यावर बसलो की मी छत्तीसचा होतो. हे इथेच लिहितो, बाहेर नाही.

मिसळीपाशी डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर. पाव हातातून पडला. विक्रांतने पाहिलं. हा ग्रुपचा म्होरक्या. गाव शहरात आलं, शेतात इमारती उगवल्या, तेव्हापासून गॉगल कपाळावर. "सर, हात झोपला व्हय? काळजी करू नका, आपण हाय ना, उचलून नेतो." सगळे हसले. मीही हसलो, याची जास्त लाज.

५ नोव्हें., बुध.

हाडांचे डॉक्टर. "गाडीवर पालथे पडल्यासारखे बसता. सगळा भार मनगटांवर आणि मानेवर. नस दबलीय. सरळ बसायची गाडी घ्या, नाहीतर एक दिवस क्लच दाबताच येणार नाही."

आपण काय चालवता, विचारलं. "ऑटोमॅटिक कार." वाटलंच होतं.

वसुधा शेजारच्या खुर्चीत, बायकोच्या हक्काने. "नीट दरडावून सांगा, डॉक्टर. तुमचं ऐकतील कदाचित, तुम्ही परके आहात."

सरळ बसायची म्हणजे ती स्पोर्ट टूरर. उंच हँडल, वारा लागू नये म्हणून काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. कवळी बसवलेला वाघ. म्हणे लांबच्या प्रवासाला उत्तम. एस.टी.पण उत्तम असते.

१० नोव्हें., सोम.

शनिवारी सातारा जिल्ह्यात माझं व्याख्यान. विषय नेहमीचाच, 'तडजोड नावाचा रोग'. दीड तास, हॉल भरलेला, शेवटी टाळ्या थांबेनात. मग शाल, श्रीफळ आणि दोन फुटी लाकडी स्मृतिचिन्ह. लाल गाडीला मागे जागा म्हणजे चिमणीची शेपटी. संयोजक नायलॉनची दोरी घेऊन दहा मिनिटं गाडीभोवती फिरले. शेवटी शाल गळ्यात, नारळ जॅकेटच्या आत, स्मृतिचिन्ह यजमानांकडे 'विसरलो'. काल सकाळी सातव्या महिन्याचं पोट घेऊन निघालो.

कात्रजच्या बोगद्यातून उतरताना पुढचा ट्रक थांबला. क्लच दाबायला गेलो, बोटं आलीच नाहीत. गाडी हिसका खाऊन तिरकी बंद. मागचा टेम्पो वीतभरावर येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला तो तोंडात शिवी घेऊनच. मी हेल्मेट काढलं. पांढरे केस बघून म्हणाला, "काका, कडेला बसा जरा. पाणी देऊ?"

शिवी परवडली असती.

वसुधाला सांगितलं नाही.

१५ नोव्हें., शनि.

तरी शोरूमला गेलो, वसुधाला घेऊन. सेल्समन म्हणाला, "सर, हा सेगमेंट मॅच्युअर रायडर्ससाठी आहे."

"हे आमचं वय बघून सुचलं, की पढवलंय?"

"ट्रेनिंगमध्ये सांगतात, सर." प्रामाणिक निघाला, त्यामुळे भांडता आलं नाही.

राखाडी रंग. सरकारी कपाटाचा. वसुधाला मागे बसवून विद्यापीठापर्यंत जाऊन आलो. हात जागा, मान जागी, मांड्या भाजल्या नाहीत. लाल गाडीचा तिसरा गिअर पेठांत मी कधी वापरला नव्हता. हिचा वापरला. चीड येते ती याची की गाडी चांगली आहे. जिला वर्षानुवर्षं नावं ठेवली तिने काही उलट उत्तर न देता चहा पुढे करावा, तसं.

वसुधा चार वर्षांत माझ्या मागे बसली नव्हती. लालची मागची सीट पोस्टकार्डाएवढी. उतरल्यावर म्हणाली, "अहो, आज मला तुमच्या खांद्यावरून रस्ता दिसला." मार्चमध्ये ती शाळेतून निवृत्त होतेय. "मग तुमच्या व्याख्यानांना मी येत जाईन. श्रोता म्हणून नाही हं, ते ऐकून झालंय. प्रवासाला."

तिथेच, त्या राखाडी गाडीपाशी, तिला टेम्पोचं सांगितलं. तिने माझा डावा हात उलटा करून पाहिला. मग एवढंच, "लाल जाईल?"

जाईल म्हणालो. शब्द दिला. राखाडी ठरवली. पंधरा डिसेंबरला ताब्यात.

२३ नोव्हें., रवि.

लाल गाडी बघायला प्रणय आला. अमरावतीचा, हिंजवडीत नोकरी. गाडीभोवती तीन फेऱ्या, देवळात घालतात तशा. "सर, एकदम मस्त ठेवली न तुम्ही. मग काहून विकून राहिले?"

"वय झालं."

पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. आभाळ कोसळलं नाही. चौदा डिसेंबर, स. १० ला येऊन नेणार.

ग्रुपला कळवलं. विक्रांतचा फोन, "सर, तुम्हाला असं गुपचूप जाऊ देणार नाय."

मला गुपचूपच जायचं होतं.

५ डिसें., शुक्र.

चौकात फ्लेक्स. मी दहा फुटी, लाल गाडीवर. खाली पासपोर्ट आकाराचे तेरा चेहरे आणि मजकूर: 'आदरणीय सरांना सुपरबाइक निवृत्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा'. या शहरात माणूस दोनदाच फ्लेक्सवर येतो, एकदा वाढदिवसाला आणि एकदा तेराव्याला. ही तिसरी सोय विक्रांतने काढली.

कसबा पेठेत छपाईवाल्या जोशींनी थांबवलं. "निवृत्ती? तुम्ही नोकरीला कधी होतात?"

७ डिसें., रवि.

सत्कार. कात्रजला, हॉटेलच्या हॉलमध्ये. साठेक माणसं, वसुधा पहिल्या रांगेत. विक्रांतचं भाषण: "सरांनी आता निवांत फिरावं. मॅडमना घेऊन देवदर्शन करावं. स्पीडचं काय ते आपल्या पोरांवर सोडावं." हशा. पुन्हा हशा. तो ओसरायच्या आत माइक माझ्या हातात.

दोन वाक्यं बोलायची होती. आभार, आणि बसायचं. पण समोर माणसं आणि हातात माइक. म्हणालो, निवृत्ती नोकरीतून मिळते, स्वभावातून मिळत नाही. म्हणालो, ज्यांनी माझा फोटो चौकात टांगला त्यांनी मला अजून ओळखलेलं नाही. पुढे आठवतंय तसं: "लाल गाडी माझ्या दारातून हलणार नाही. पुढच्या रविवारी सहा वाजता सगळ्यांच्या पुढे मी असेन."

सगळे उभे राहिले. शिट्ट्या. विक्रांतच्या डोळ्यांत पाणी, मूर्ख मेला.

तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, टाळीसाठी बोलू नका. मला टाळी ऐकू आली की मी वाक्य पुरं करतो. खरं की खोटं ते नंतर.

वसुधाचे हात मांडीवर होते. परतताना रिक्षात म्हणाली, "छान बोललात."

१० डिसें., बुध.

स. प्रणयचा फोन. "सर, रविवारी दहाचं पक्कं आहे न? आईले फोटो पाठवून देला." पक्कं म्हणालो.

दु. विक्रांत. "रविवारी सहा वाजता तुमच्याच दारातून निघायचं, सर." बरं म्हणालो.

माझ्याइतकं दुटप्पी बोलणाऱ्या माणसाला मी व्यासपीठावर सोलून काढला असता.

सं. टेबलावर नवं हेल्मेट. लहान मापाचं. "सत्काराच्या आदल्या दिवशी आणलं होतं," वसुधा म्हणाली. "शनिवारपर्यंत परत घेतात. विचारून आलेय."

मी म्हणालो, सांगतो विक्रांतला.

"कधी?"

१३ डिसें., शनि.

विक्रांतला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा दुसरंच बोललो. एकदा तर मिसळीबद्दल.

हेल्मेट परत केलेलं नाही. आज शेवटचा दिवस होता.

१४ डिसें., रवि. स. ५.५०

साडेपाचला खाली जाऊन लालचा क्लच दाबून पाहिला. वीस वेळा. बाराव्यापासून बोटं दुसऱ्या कुणाची तरी. कात्रजचा उतार यांना झेपणार नाही, हे मला माहीत आहे आणि मी खाली जायच्या आधीही माहीत होतं.

ते आलेत. तेरा इंजिनं, सगळी गल्ली जागी. समोरच्या आपट्यांनी खिडकी आपटून निषेध नोंदवला. विक्रांत खालून, "सर, या की, समदी थांबल्यात."

वसुधा स्वयंपाकघरात. मी खोलीतून विचारलं, काय सांगू त्यांना. "मला काय विचारता," म्हणाली. "वक्ते तुम्ही."

गॅलरीत जाऊन म्हणायचं आहे की त्या दिवशी मी खोटं बोललो, माझा हात चालत नाही, तुम्ही निघा. इतकंच. यावर कुणी टाळी वाजवणार नाही. तोंडात तीनदा घोळवलं, दर वेळी पुढे एक 'पण' येतो आणि त्या 'पण'ला चांगली लय असते.

विक्रांतची पुन्हा हाक. माझं हेल्मेट पलंगावर, ग्लव्ज त्यात. गॅलरीचं दार आणि जिन्याचं दार इथून सारख्याच अंतरावर.

उठतो.