मुक्ताबाईंच्या मोबाईलवरची दिशा

प्रिय दिशा,

मी बरी आहे, ऊसही बरा आहे. हे आधी लिहिते, नाहीतर पत्र बघूनच घाबरशील.

गेले तीन-चार फोन तू काहीतरी सांगायला सुरुवात करतेस आणि विलायतेच्या हवेवर येऊन थांबतेस. मी वाट पाहत होते. परवा शेजारच्या मुक्ताबाईंकडूनच कळलं. स्टेटस माझ्यापासून लपवलंस, पण त्यांना विसरलीस. कुंपणावरून मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "बघा वैनी, तुमची पोरगी बार चालवतीया." मी म्हटलं, "चालवू द्या की, बुडवत तर न्हाई."

मग फोटो नीट पाहिला. भिंतीवर बिअरच्या राष्ट्रीय दिवसाचा फलक होता, अक्षरं लावत वाचला. देशानं बिअरचा दिवस पाळावा याचं हसू आलं. तिकडच्या अशा पबबद्दल मी श्रीगोंद्याच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं. म्हातारे, कुत्री, एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी. आपल्या पारासारखंच, फक्त वर छप्पर आणि बायकांनाही बसायला जागा.

ऊस फॅक्टरीला गेला की तुझे बाबा एक बिअर आणून बादलीतून विहिरीत सोडायचे. म्हणायचे, "बस की जरा. एकटा पिणारा मानूस दारुडा दिसतो." मी चहा घेऊन बसायचे. लोकांना बाटली दिसायची, मला वर्षातली ती निवांत संध्याकाळ. अजूनही ऊस गेला की तिथे जाते. रडत नाही. बसते.

फोटोत सगळे ग्लास उंचावून ग्लासाकडे बघताहेत. तुझ्या शेजारचा उंच मुलगा तेवढा तुझ्याकडे बघतोय. मागे ग्लास पुसणारी बाई त्याची आई असणार, नाक तेच आहे. तीही तुझ्याकडेच बघतेय, आणि हसतेय.

तू विचारत नाहीस, म्हणून मीच लिहिते. लग्न कर त्याच्याशी. फोनवर माझा आवाज हलला असता आणि तुला वाटलं असतं, आई मन मारून हो म्हणतेय. तसं नाही, म्हणून पत्र. मांडव इथे घालू. माझी अट एकच. विधवेनं हळद लावू नये असं भावकीतल्या बायका म्हणतील, त्यांना मी बघते. तुला पहिली हळद मी लावणार, दुसरी त्याच्या आईनं लावायची. तिला एवढं सांग, डाग निघत नाहीत, साधे कपडे घालून ये.

तुझीच,
आई