भाच्याची मान आणि माझा घसा

ती. ताईस,

बसलेल्या घशाच्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (घसा बसलाय म्हणूनच फोन सोडून पत्र लिहितोय. डॉक्टरांनी काही दिवस अजिबात बोलायचं नाही असं बजावलं, तेव्हा त्यांचा कंपाउंडर तोंड फिरवून हसला. तो माझ्या सभांना येतो.) तुझी कंबर आता कशी आहे? उठता-बसता कळ येते का अजून? बादली उचलू नकोस, आणि भाऊजींना नमस्कार सांग. आता मुद्द्याचं. पत्राचं शेवटचं पान तू आधी वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून निकाल मी शेवटी लिहिलेलाच नाही, मध्ये कुठेतरी घातलाय. एवढंच सांगतो, की काल मी पोटभर जेवलो आणि घोरलो. त्यावरून काय ते ओळख, पण पानं उलटू नकोस.

तुझ्या कंबरेमुळे पालक म्हणून मला जावं लागलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या क्लबची अकादमी! तिथे सतरा वर्षांच्या मुलांना वर्षाच्या शेवटी एक सामना खेळवतात, मग एकेकाला पालकासकट आत बोलावून सांगतात, तुला वरच्या संघाकडे पाठवतोय, नाहीतर बाळ, तुझी बॅग भर. पोरांनी वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि निकाल एका दुपारी! हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावर जाताना मी एक भाषण रचलं होतं. (त्यात गुलामगिरी, छापखान्याचा शोध आणि गिरणीतला संप असे तीन भाग होते. फुटबॉल समारोपात यायचा होता.)

त्या क्लबची एक रीत आहे. सामना चालू असताना पालकांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. टाळीसुद्धा नाही. मुलांनी स्वतःच्या डोक्यानं खेळावं म्हणून म्हणे. दारातच पहारेकरी प्रत्येकाच्या हातावर पेपरमिंटची टणक गोळी ठेवतो. ती चघळत बसायचं, म्हणजे तोंडाला काम. माणसाच्या वाणीची किंमत एक गोळी! मी ती पायऱ्या चढायच्या आतच कडाकडा चावून संपवली. शेजारी गोलकीपरची आई स्वेटर विणत बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पिशवीतून आणखी एक काढून दिली. अनुभवी बाई.

आता आपले चिरंजीव. हा मधल्या फळीत खेळतो, म्हणजे बचाव करणारे मागे, गोल मारणारे पुढे आणि हा मध्ये, लग्नातल्या मुलीच्या काकासारखा. सगळ्यांकडून घ्यायचं, सगळ्यांना पोचवायचं आणि फोटोत कुठेच नसायचं. ते एक वेळ ठीक आहे. पण याचं लक्ष कुठे होतं माहीत आहे? मागे! बॉल समोरून येतोय आणि हा डाव्या खांद्यावरून मागे बघतोय, मग उजव्या खांद्यावरून, पुन्हा डाव्या. जसा काही बाकावर छत्री विसरून आलाय आणि कुणी उचलेल अशी धास्ती आहे. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी पाळण्यात असल्यापासून पुढे बघायला शिकवलं, त्यानं माझ्यादेखत मान अशी पंख्यासारखी फिरवावी! 'जो मागे बघतो तो अडखळतो' या माझ्या वाक्यावर किती सभांत टाळ्या पडल्यात, तुला आठवत असेल. (नसेल आठवत तर मी पुन्हा म्हणून दाखवीन.) तरी मध्यंतरापर्यंत मी दम धरला.

मध्यंतरानंतर मात्र उठलो. "पुढे बघ! मागे काय ठेवलंय तुझं?" एवढंच म्हणालो. पण माझा आवाज कर्ण्याशिवाय बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि तिथे तर टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पंच दचकला. छपरावरची कबुतरं उडाली. गोलकीपरच्या आईचे टाके सुटले. आणि आपलं पोर गुणी, त्यानं तत्काळ मान सरळ केली. बॉल त्याच्या पायाशी आला, की मागून कुणीतरी यायचा आणि दोरीवरचा टॉवेल ओढावा तसा घेऊन जायचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग होतच राहिलं. मला वाटलं, अजून पुरेसा पुढे बघत नाहीये. म्हणून आणखी मोठ्यानं सांगितलं.

"अहो, बसा की खाली! पोराचा जीव खाताय नुसता," गोलकीपरची आई म्हणाली. मी तिला शिस्त आणि दडपशाही यांतला फरक समजावून सांगू लागलो, तेवढ्यात पहारेकऱ्यानं माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. (अत्यंत अदबीनं. जाताना आणखी एक गोळी दिली.) उरलेला सामना मी कपडे धुण्याच्या खोलीत, चिखलाच्या मोज्यांच्या ढिगाशेजारी बसून काढला.

निकालाची खोली एवढीशी. एक टेबल, एक पडदा आणि कानाशी कुजबुजल्यासारखं बोलणारे प्रशिक्षक. ते म्हणाले, पहिल्या भागात मुलगा झकास खेळला, पण नंतर एकदम विझला. दबाव आला की डोकं चालेनासं होतं असं दिसतंय, आणि वरच्या संघात ते चालत नाही. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. पहाटे उठून डबे भरणारी तू, त्याचे बूट चुलीपाशी वाळवणारी तू. चिरंजीव कान लाल करून नखं खात बसले होते. एका शब्दानं माझं नाव घ्यायला तयार नव्हते.

तेव्हा मीच उभा राहिलो. गुलामगिरी आणि छापखाना गाळला. थेट म्हणालो, "दबाव? माझ्या भाच्याला? अहो, मध्यंतरानंतरच तर तो सुधारला! सारखं मागे बघायची त्याची खोड मी एका हाकेत मोडली. यापुढे तो एकदाही मागे बघणार नाही, ही माझी हमी!"

प्रशिक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे तो आवाज तुमचा होता?"

"माझाच," मी छाती काढून म्हणालो.

"आम्हाला वाटलं, रस्त्यावर कुणी वेडा ओरडतोय. आणि ते यालाच उद्देशून?"

"मग? दुसऱ्या कुणाचा मामा आहे का मी इथे?"

त्यांनी सामन्याचा पहिला भाग पडद्यावर पुन्हा लावला आणि मला विचारलं, रस्ता ओलांडताना तुम्ही फक्त समोर बघता का? मी खरं ते सांगितलं, की हो. त्यांनी सुस्कारा सोडला. "साहेब, ती खोड नाही, तेच याचं भांडवल आहे. बॉल पायात यायच्या आधी मागे कोण कुठे उभा आहे ते याला पाठ असतं. या वयात असं बघणारी मुलं क्वचित मिळतात. वेग बेताचा आहे. डावा पाय अजून पाहुण्यासारखा वागतो. डोक्यानं बॉल मारताना डोळे मिटतो. ते सगळं आम्ही शिकवू. हे बघणं शिकवता येत नाही." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "पण तू ऐकलंस कशाला रे?"

"नसतं ऐकलं तर मामा मैदानात उतरला असता," चिरंजीव म्हणाले.

ताई, तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच हसला. "निर्णयही बरोबर घेतो," म्हणाला.

तर निकाल हा: ठेवला! दोन वर्षांचा करार, वरच्या संघाबरोबर सराव, आणि डाव्या पायासाठी वेगळा शिक्षक. डोळे पूस आणि पुढे वाच. बाहेर आल्यावर मी पहारेकऱ्यानं दिलेली गोळी तोंडात टाकली. चिरंजीवांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "मामा, बरं झालं तू बोललास." हे वाक्य आपल्या घरातल्या माणसाकडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुढे बघण्याविषयीचं माझं मत अर्थातच कायम आहे. मधल्या फळीला ते लागू नाही, एवढीच दुरुस्ती.

कंबर सांभाळ, आणि आता खुशाल झोप.

तुझा,
धाकटा

ता. क. वरच्या संघाबरोबरचा पहिला सामना पुढच्या महिन्यात आहे आणि पालक लागतोच. मी येऊ नये अशी अट पडली आहे. ती क्लबनं घातलेली नाही, चिरंजीवांनी घातली आहे. तेव्हा भाऊजींना पाठव. हे लिहायला मला जड जातंय, कारण लग्नापासून मी त्यांना 'मुके जावई' म्हणत आलो. (तोंडावर. ते काही बोलले नाहीत.) दुकान एक दिवस बंद राहिलं तर कुणाची घड्याळं थांबणार नाहीत. दुरुस्तीला आलेली आधीच थांबलेली असतात.

ता. क. दुसरा. तिथे गप्प कसं बसायचं, हे भाऊजींना नीट समजावून सांगायला हवं. त्यासाठी मी रविवारी सकाळीच येतोय. विषय खोल आहे, पण संध्याकाळपर्यंत आटोपेन. मध्ये मध्ये बोलू नका, असं त्यांना आधीच सांगून ठेव.