पलटणीचा आकडा

बाबा, वकीलसाहेबांची सगळी रिव्हॉल्व्हरं आता संग्रहालयात काचेआड आहेत आणि प्रत्येकाखालचं कार्ड माझ्या अक्षरात आहे. लांबलांबचे संग्राहक फोटो पाठवून विचारतात, बाई, हे कुठल्या फौजेचं? मी भिंग लावून सांगते. वर हेही सांगते, की हे मी कॉलेजात नाही, अकोल्याच्या जुन्या शहरात बापाच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात शिकले. मिरवते म्हणा ना! का मिरवू नये?

आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ती गोष्ट आज लिहायची आहे. मी बारा वर्षांची. वकीलसाहेब अमरावतीचे, जुनी फौजी हत्यारं जमवायचा नाद. दुरुस्तीला मात्र ती तुमच्याकडेच यायची, कारण फौजेत हत्यारं सांभाळलेला माणूस आसपास तुम्हीच. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्या महायुद्धातलं एक इंग्रजी रिव्हॉल्व्हर आणलं. मधोमध मोडून उघडणारं, अंगावर सरकारी बाणाचा शिक्का, आणि मुठीच्या पाठीवर पलटणीचा नंबर, पार झिजलेला. शेवटचा आकडा तीन असेल तर ते मराठी पलटणीचं, मेसोपोटेमियाच्या वाळूत लढून आलेलं. आठ असेल तर दुसऱ्याच कुणाचं. वकीलसाहेबांना घाई झालेली, पण तुमचा नियम पक्का होता. नंबर वाचायचा तो सकाळच्या तिरप्या उन्हात. दिसलं ते लिवाचं, वाटलं ते नाई, असं तुम्ही त्यांनाही सुनावलंत. तुम्ही त्यांना दारापर्यंत सोडायला गेलात तेवढ्यात मी त्या मुठीवर डोकावून घेतलं.

सकाळी तुम्ही ते पेटीतून काढून बाकावर ठेवलंत आणि नळावर गेलात. मी दुकानामागच्या आपल्या अंगणात भांडी घासत होते. दसऱ्याची पूजा आता आपल्या घरात नव्हती, पण आपला दीक्षेचा दिवस हाय, घर चकचकीत पायजे, असा आईचा हुकूम. चिंच आणि विटकरीचा भुगा घेऊन तांबे-पितळ उजळता उजळता मला त्या काळ्या लोखंडाची दया आली. तेही जीव लावून घासलं. काय लखलखीत निघालं म्हणून सांगू! तुम्ही शाबासकी द्याल म्हणून वाट बघत बसले.

तुम्ही ते हातात घेतलंत, मुठीच्या पाठीवरून अंगठा फिरवलात. "काहून घासलं वं?" एवढंच विचारलंत. हात उगारला नाहीत. मग म्हणालात, की नंबर गेला म्हणजे आता हे नुसतं लोखंड.

दुपारी वकीलसाहेब आले. चूक पोरीची, पण हत्यार उघडं ठेवलं हा दोष माझा, असं तुम्ही त्यांना सरळ सांगितलंत.  ते दुरुस्तीला दिलेली बाकीची रिव्हॉल्व्हरंही पिशवीत भरू लागले. उभ्या वऱ्हाडात तुमचं नाव जाणार, हे मलाही कळत होतं. मी पुढे होऊन म्हणाले, नंबर मी काल वाचलाय, शेवटी तीन आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तुम्ही मला विचारलंत, दिसला होता? मी मान डोलावली.

"माही पोरगी तीन म्हणते, तं तीन."

वकीलसाहेबांनी पिशवी खाली ठेवली आणि आपल्या वहीत तीन लिहिलं. पुढल्या महिन्यात ती वही त्यांनी मलाच नीट उतरवून काढायला दिली. तिथून मी जी या कामात पडले, ती आजतागायत. बारा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर आपली सगळी अब्रू ठेवणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

बाबा, मला आकडा दिसला नव्हता. उजेड होताच कुठे? तीन वाटला होता. तीनच असावा असं फार वाटत होतं.

काल त्या रिव्हॉल्व्हरचं कार्ड काचेतून काढलं आणि तिनाच्या पुढे प्रश्नचिन्ह घातलं. तुमचा नियम एवढ्या वर्षांनी पाळला. पण पेन्सिलीनं घातलंय.